कल्हईची अट

सोमवारी सकाळी लॉबीत नवं फाटक बसलेलं दिसलं. काचेचे दोन पंख, बाजूला एक पडदा आणि वर एवढासा स्पीकर. सौमित्रच्या पुढे उभ्या असलेल्या कुरियरवाल्याला फाटकाने अगदी मायेने सांगितलं, ‘आपली नोंद आढळली नाही. कृपया बाजूला थांबा.’ कुरियरवाला मुकाट बाजूला झाला. सौमित्र मात्र कार्ड हातात धरून तसाच उभा राहिला. आवाज त्याला नंतर ओळखू आला, आधी ओळखू आला तो ज. ‘बाजूला’तला ज. जीभ दातांमागे टेकवून अलगद सोडलेला, परळ-गिरगावात कुठलीही बाई म्हणते तसा. या एका ज साठी त्याने आणि त्याच्या मित्राने, बुद्धभूषणने, कितीतरी रविवार घालवले होते आणि तो काही त्यांना साधला नव्हता. त्यांचं मराठी वाचणारं यंत्र शेवटपर्यंत ‘बाज्यूला’ म्हणत राहिलं. आणि इथे, एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या लॉबीत, काचेचं फाटक तो ज इतक्या सहज म्हणत होतं की जणू त्यात कधी काही अडचण नव्हतीच. मागून कुणीतरी ‘चलो बॉस’ म्हणालं. त्याने कार्ड टेकवलं. ‘सुप्रभात. आत या,’ कौसल्यामावशी म्हणाल्या, आणि काच उघडली.

कौसल्यामावशी म्हणजे बुद्धभूषणची आई. लालबागला मिरची गल्लीच्या मागच्या चाळीत त्यांची खोली होती, आणि या घटकेला त्या बहुतेक गॅलरीत मेथी निवडत बसल्या असतील. आपण इथे लोअर परळला उभ्या राहून कुणाला आत घेतो आहोत, कुणाला बाजूला काढतो आहोत, याची त्यांना गंधवार्ताही नसेल. लिफ्टमध्ये शिरताना सौमित्रची कानशिलं गरम झाली होती, शाळेत शेजारच्याच्या पेपरात डोकावताना व्हायची तशी. खरं तर त्याने काहीच केलं नव्हतं. फाटक त्याने बसवलं नव्हतं, ज त्याने सुधारला नव्हता, कंपनीत आवाजाचं काम बघणारी माणसं वेगळी होती आणि त्यांचा मजलाही वेगळा होता. त्याने फक्त एक फोन केला होता, तोही दोन वर्षांपूर्वी, आणि त्या फोनमध्ये एक शब्दही खोटा बोलला नव्हता. हे त्याने स्वतःला लिफ्टमध्ये सांगितलं, जागेवर बसल्यावर सांगितलं, आणि मशीनमधली कॉफी घेताना पुन्हा एकदा सांगितलं. जी गोष्ट इतक्या वेळा सांगावी लागते ती बहुधा तितकीशी खरी नसते, हे कळण्याइतकं वय त्याचं झालं होतं.

सगळं सुरू झालं सीतारामकाकांच्या, म्हणजे बुद्धभूषणच्या वडिलांच्या डोळ्यांपासून. साखरेने त्यांची नजर गेली, आणि पेपर वाचल्याशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नसे असे काका कॉटवर बसून नुसते छताकडे तोंड करून राहू लागले. मग मावशी त्यांना पेपर वाचून दाखवायच्या, अग्रलेखासकट आणि छोट्या जाहिरातींसकट. मावशींची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली होती. ‘थांबा, जोडून देते’ हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की घरात कुणी चहा मागितला तरी त्या तेच म्हणायच्या. जयंतीला विहारात वाचन त्यांचंच असे. पण माणसाचा घसा तो, किती पुरणार? बुद्धभूषण आणि सौमित्र तेव्हा एकाच कंपनीत शेजारी बसत. मराठी वाचणारी यंत्रं बाजारात होती, पण ती ऐकताना काकांना कुणीतरी परका माणूस चपला घालून घरात शिरल्यासारखं वाटे. तेव्हा या दोघांनी ठरवलं, मावशींचाच आवाज यंत्रात घालायचा. रविवारी दुपारी खोलीचं दार लावून घ्यायचे, फटीत गोधडी कोंबायची, पंखा बंद करायचा, आणि मावशी घाम पुसत वाक्यामागून वाक्य वाचायच्या. चाळीत दिवसाढवळ्या दार लावलं म्हणजे नक्की काहीतरी झालंय. थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी कडी वाजवून विचारायचं, ‘कौसल्ये, बरी हायस ना गं? दार कशाला लावलंस?’ मावशी वाक्य अर्धवट टाकून उठायच्या, दार उघडून सगळं समजावून सांगायच्या, वर चहा विचारायच्या. मग पुन्हा पहिल्यापासून. शिवाय खालच्या गल्लीत मसाला कुटायच्या डंकिणी होत्याच. त्यांची धपधप प्रत्येक वाक्याखाली बारीक ऐकू यायची आणि ती कधीच काढता आली नाही. यंत्र पहिल्यांदा बोललं तेव्हा काकांनी मान आवाजाच्या दिशेला वळवली. मग म्हणाले, ‘चला, हिला बंद करायचं बटण मिळालं एकदाचं.’

फक्त ज, च आणि झ तेवढे फसले. मराठीत या अक्षरांचे दोन-दोन उच्चार, आणि कागदावर दोन्ही अगदी सारखे. माणसांनी भरलेलं जग आणि पाण्याने भरलेला जग लिहायला एकच. कुठे कुठला हे फक्त कानाला ठाऊक. यंत्राला कान नव्हता. ते सगळ्या जगाला पाण्याचा जग समजत राहिलं आणि काका हसत राहिले. बुद्धभूषण एकेक शब्द घेऊन नियम लिहायचा, सौमित्र ते यंत्रात बसवायचा, आणि एक नीट झाला की चार बिघडायचे. पुढे काका गेले. यंत्र राहिलं. ते आता फक्त काकांचं राहिलं नव्हतं, कुठल्या कुठल्या गावांतून दृष्टी नसलेली माणसं ते उतरवून घेऊ लागली होती. बुद्धभूषणने नोकरी सोडली आणि दादरला एका शाळेच्या मागच्या खोलीत वाचनकेंद्र काढलं. तिथे अंध मुलं-मुली स्पर्धापरीक्षांची पुस्तकं मावशींच्या आवाजात ऐकायची आणि आपापसांत बोलताना गमतीने ‘बाज्यूला सरक’ म्हणायची.

आवाज बाहेर द्यायचं ठरलं तेव्हाच परवान्याचा प्रश्न आला होता, आणि तो मावशींना समजावून सांगायचं काम सौमित्रकडे आलं होतं. तो गिरगावातल्या वाडीत वाढलेला. त्याच्या वाडीत जिन्याखाली एक मोठा पेटारा असायचा आणि त्यात वाडीची समाईक भांडी: पितळेची पातेली, पराती, एक माणूस आत बसेल एवढं तपेलं. ज्याच्या घरी कार्य त्याने न्यावीत. भाडं नाही, अनामत नाही. अट एकच, परत आणताना कल्हई लावून आणायची. नेलं त्याहून बरं करून ठेवायचं, म्हणजे पुढच्याची कढी पितळेने कळकायची नाही. सौमित्रने मावशींना हेच सांगितलं. आपला परवाना तसा आहे. कुणीही न्यावा, उघडून बघावा, ठोकून-ठाकून आपल्याला हवा तसा करावा, पुढे कुणालाही द्यावा. पण सुधारून पुढे दिला तर ती सुधारणाही अशीच सगळ्यांना खुली करायची. दडपून ठेवायची नाही. मावशींनी ऐकून घेतलं, चष्मा पदराने पुसला आणि अगदी सहज विचारलं, ‘आम्हाला दिली असती का रे भांडी, तुमच्या वाडीने?’

‘माझ्या आजोबांच्या काळात नसती दिली, मावशी,’ सौमित्र म्हणाला.

‘मग ह्यात काय लिहिलंय?’

‘ह्यात कुणालाही, असं लिहिलंय. कुणीही, कशाहीसाठी.’

‘आणि कल्हई?’

‘कल्हईची अट पक्की आहे.’

‘मग घे माझा आवाज,’ मावशी म्हणाल्या, आणि आत जाऊन गॅस बंद करून आल्या, कारण दूध वर आलं होतं.

सौमित्र या कंपनीत आल्यावर वर्षभरातच परवाना बदलायची गोष्ट निघाली. कंपनीला मराठी आवाज हवा होता, सौमित्रचा तयार होता, पण कल्हईच्या परवान्याला वकील हात लावायला तयार नव्हते. नवा परवाना चालेल म्हणाले, तो साधासोपा, ज्याला सगळे खुला म्हणतात तो: घ्या, वापरा, विका, कुठेतरी कोपऱ्यात मूळ करणाऱ्यांची नावं ठेवा म्हणजे झालं. परत आणायची सक्ती नाही. तेवढं केलं तर कंपनी दोन माणसं वर्षभर फक्त याच कामाला लावणार होती. दोन पगारी माणसं, वर्षभर. इकडे यंत्र कितीतरी महिने जागचं हललं नव्हतं. सौमित्रने शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बुद्धभूषणपुढे हे सगळं मांडलं, तेव्हा समोर नेट्समध्ये पोरं बॅटिंग करत होती आणि बुद्धभूषण त्याच्याकडे न बघता त्या पोरांकडेच बघत होता. सौमित्र म्हणाला, ‘अरे, जास्त लोक घेतील, जास्त हात लागतील, वस्तू चांगली होईल. आणखी काय पाहिजे तुला?’ बुद्धभूषण म्हणाला, ‘चांगली होईल रे. कोणाची होईल?’ सौमित्रने त्याला समजावलं की पुस्तकी बोलायचं तर जुना परवानाही खुलाच होता आणि नवाही मुक्तच, परवान्यांची एक यादी ‘खुल्यां’ची आणि एक ‘मुक्तां’ची असते, तर हे दोन्ही दोन्ही याद्यांत बसतात, तू उगाच नावावरून भांडतोयस. ‘नावावरून नाही भांडत. तू वस्तूचं बोलतोयस, मी वापरणाऱ्याचं बोलतोय. तुझ्या परवान्यात घेणारा मोकळा, त्याच्या पुढचा गेला कुठे?’ असं म्हणून बुद्धभूषणने शेंगांचा कागद चुरगळला. कागदावर सारखेच दिसणारे आणि तोंडात वेगळे होणारे ते दोन ज होते तसंच हे होतं, आणि या भांडणात कान बुद्धभूषणकडे होता, हे सौमित्रला तेव्हाही कळत होतं. पण परवाना बदलला तर कंपनीत त्याचं नाव होणार होतं. हे त्याने बुद्धभूषणला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःलाही अर्धवटच सांगितलं होतं. शेवटी बुद्धभूषण उठला. ‘आवाज आईचा आहे. तिला विचार. ती हो बोलली तर माझं काही नाही.’

तो फोन सौमित्रने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून केला होता. भिंतीचा नवा रंग, त्याचा उग्र वास, खालच्या मजल्यावर कुणीतरी शिंकल्याचा आवाज, सगळं त्याच्या लक्षात राहिलं होतं. ‘मावशी, आवाज आता आणखी खुला करतोय,’ तो म्हणाला होता. ‘कुणालाही, कसाही वापरता येईल. आत्ता लोकांना थोड्या अटी वाटतात ना, त्या काढतोय. चालेल ना?’ पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ‘अरे, चालेल काय, करच,’ मावशी म्हणाल्या. ‘त्यात विचारायचं काय. उघडं ते बरंच.’ त्या क्षणी कल्हई हा शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर आला होता. नुसता आला नव्हता, त्याला चव होती. तो म्हणाला असता, मावशी, म्हणजे कल्हईची अट जाईल हं, तर मावशी थांबल्या असत्या. थांबून त्यांनी एखादा सरळ प्रश्न विचारला असता आणि त्याला सरळ उत्तर द्यावं लागलं असतं. त्याने तो शब्द गिळला आणि विचारलं, ‘जेवण झालं का?’ नंतर त्याने बुद्धभूषणला मेसेज केला, मावशी हो म्हणाल्या. बुद्धभूषणने अंगठा पाठवला. दोघांची मैत्री त्यानंतर मोडली नाही, दोघं फक्त सणासुदीलाच फोन करू लागले. एकही शब्द खोटा नव्हता. सौमित्रला कधी कधी वाटे, एखादा तरी खोटा असता तर निदान त्याच्यावर बोट ठेवता आलं असतं.

दुपारी त्याने पँट्रीत अनिशला गाठलं. आवाजाचं काम बघणारा अनिश, हसरा, कामाला वाघ. फाटकाचं नाव काढताच तो खुलला. ‘भारी झालंय ना? ज, च, सगळं फिक्स. गेल्याच वर्षी केलं. कसला डोक्याला शॉट होता माहितीये? आणि मागे तो धपधप नॉइज होता ना, तोही साफ काढला. आता ही गेट्स सगळ्या टॉवर्सना जाणार.’

‘मूळ प्रोजेक्टमध्ये परत नाही टाकलंस?’ सौमित्रने कपातल्या कॉफीकडे बघत विचारलं.

‘सुरुवातीला टाकायचो रे, छोटं छोटं. हे टाकणार होतो तर लीगल बोलले, गरज आहे का? परवान्यात नाही ना. मग राहू दे.’ अनिशने खांदे उडवले, आणि मग त्याला काहीतरी आठवलं. ‘तूच बदललेलास ना तो? थँक्स यार. जुना असता तर आम्ही हातच नसता लावला.’

हे आभार सौमित्रला दिवसभर टोचत राहिले, कारण ते खरे होते. जुना परवाना असता तर हा ज कदाचित जन्मालाच आला नसता. आणि जुना परवाना असता तरी मावशींचा आवाज फाटकावर लावायला कुणी अडवलं नसतं. कुणीही, कशाहीसाठी, असंच तर त्याने मावशींना सांगितलं होतं. फरक एवढाच की तेव्हा ज परत आला असता. फाटक विकताना त्याच्याबरोबर ज देखील द्यावा लागला असता, आणि आज दादरच्या मागच्या खोलीत पोरं ‘बाजूला’ असं नीट ऐकत असती. एवढ्याशा फरकासाठी माणसं शिवाजी पार्कवर भांडतात, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. आता वाटत होतं की फरक एवढासाच असतो, म्हणून तर गिळता येतो. अनिशचं काम गुपचूप उचलून बाहेर टाकावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण ती चोरी झाली असती. आपल्याच वाडीच्या पातेल्याची का असेना, चोरीच, आणि नोकरी गेली असती ती वेगळीच. त्याने तो विचार जितक्या घाईने झटकला त्या घाईचीही त्याला लाज वाटली.

मंगळवारी मावशींचाच फोन आला. स्क्रीनवर नाव बघून त्याने दोन रिंग जाऊ दिल्या. त्यांना कळलं, असंच त्याला वाटलं. पण मावशी भलतंच विचारत होत्या. ‘सौमित्र, खरं सांग हां. रेकॉर्डिंगच्या वेळी माझं काही चुकलं होतं का रे?’ दादरच्या केंद्रात त्या गेल्या होत्या, तिथे एका मुलीने परीक्षेच्या पुस्तकातलं पान लावलं आणि सगळी पोरं हसली. ‘माझ्यावर नाही हसली ती, चांगली आहेत पोरं. पण मी ऐकलं ना. समाज बोलायचं तर समाज्य काय, बाजार तर बाज्यार काय. मला वाटतं तेव्हा माझा एक दात हलत होता, त्याने झालं. आता कवळी चांगली बसलीय. मी घरी म्हणून बघते रोज. पुन्हा वाचून देऊ का सगळं? अजून आवाज आहे तोपर्यंत घे बाबा भरून.’ सौमित्रने फोन दुसऱ्या कानाला लावला. सांगायचं होतं ते एवढंच होतं: मावशी, तुमचं काही चुकलं नाही, ज तयार आहे, माझ्या ऑफिसच्या दारात आहे, पण मी तो तुम्हाला देऊ शकत नाही. तो म्हणाला, ‘बघतो मावशी. जरा काम आटोपलं की बघतो.’ ‘शुक्रवारी परळला यायचंय मला डोळे तपासायला,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्याकडे येऊन जाते. ऑफिसात मशीन असेल ना चांगलं?’ त्याने हो-नाही काहीतरी म्हटलं. फोन ठेवल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर राहिल्या त्या लालबागच्या खोलीत आरशासमोर उभं राहून ज म्हणणाऱ्या मावशी. बाजार. समाज. माझा.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर तो घरी न जाता गिरगावात तात्यांकडे गेला. वडिलांकडे जायला काही कारण लागत नाही, पण तात्यांनी दार उघडताच ‘काय झालं?’ असंच विचारलं. तात्या उभी हयात हिशेबनिसाची नोकरी करून आता क्रिकेट बघत होते. सौमित्रने भांड्यांचा पेटारा कुठे गेला ते विचारलं. ‘तो होय,’ तात्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ‘मोठं तपेलं गेलं आणि मग पेटाऱ्यात राम राहिला नाही.’ तळमजल्यावरचं एक कुटुंब डोंबिवलीला गेलं तेव्हा मुंजीसाठी म्हणून तपेलं घेऊन गेलं होतं. तिकडे त्यांनी त्याचा तळ नवा घातला, भक्कम कड्या लावल्या, आणि जेवणावळींची ऑर्डर घ्यायला लागले. ‘चोरलं त्यांनी,’ सौमित्र म्हणाला. ‘छे रे. परत आणायचं म्हणूनच नेलं होतं. पण एकदा आपली पदरमोड झाली की माणसाला परत आणवत नाही. मी गेलो होतो ना मागायला. चांगलं जेवू घातलं त्यांनी. त्याच तपेल्यातलं वरण होतं.’ तात्या हसले. मग म्हणाले, ‘चूक माझीच होती. नेताना त्यांनी विचारलं, कल्हईचं नंतर बघू ना, तर मी म्हटलं, बघू. चांगली माणसं होती, तोंडावर कसं बोलणार?’ सौमित्रला वाटलं की आता आपण बोलावं. तात्यांना सांगावं, इथे बसून, भिंतीवरच्या त्या जुन्या घड्याळाखाली, म्हणजे परवा मावशींना सांगायला जीभ वळेल. पण तेवढ्यात विकेट पडली आणि तात्यांनी आवाज वाढवला.

शुक्रवारी दुपारी मावशींचा फोन आला. ‘खाली आलेय रे. तुमचा दरवाजा मला आत घेईना.’ त्यांच्या नावाची नोंद करायची राहिली होती. राहिली होती की त्याने राहू दिली होती, हे लिफ्टमधून उतरताना त्याला नक्की सांगता आलं नसतं. मावशी काचेच्या पलीकडे कुंडीशेजारी उभ्या होत्या, जिथे फाटकाने त्यांना थांबायला सांगितलं होतं तिथेच. अंगावर ठेवणीतली मोरपंखी साडी, खांद्याला कापडी पिशवी, गालात खडीसाखर. घसा तयार करून आल्या होत्या. चेहरा वर करून त्या स्पीकरकडे बघत होत्या, आणि एक मुलगा पडद्यावर आपला नंबर दाबत होता. ‘आपली नोंद आढळली नाही. कृपया बाजूला थांबा.’ मावशींचे ओठ त्या शब्दांबरोबर हलले. सौमित्रने कार्ड लावलं, काचेचे पंख उघडले, आणि तो दोन पंखांच्या मध्येच उभा राहिला.

‘मीच आहे ना रे ही?’ मावशींनी विचारलं.

‘हो, मावशी.’

‘मला वाटलंच. पहिल्यांदा राग आला, म्हटलं कोण ही बया, मला बाजूला हो बोलतेय. मग ऐकतच राहिले. डंकीण पण नाही मागे.’ त्यांनी खडीसाखर या गालातून त्या गालात नेली. ‘आणि ज बघ की. बाजूला. बाजूला. किती छान बोलतेय. म्हणजे माझं चुकलं नव्हतं.’

‘नाही मावशी. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.’

मावशींचा चेहरा उजळला. रोज आरशासमोर म्हटलेले सगळे ज त्यांच्या खांद्यावरून उतरले असावेत. त्या मनापासून हसल्या, सीतारामकाका हयात असताना हसायच्या तशा. ‘मग कल्हई झाली म्हणायची,’ त्या म्हणाल्या. ‘ग्वाड केलंत बाबा. आता दादरच्या पोरांकडे परत कधी आणतोस?’

सौमित्रच्या मागे दोघं-तिघं बाहेर पडायला उभे होते. कुणीतरी घसा साफ केला. ‘ते परत येणार नाही, मावशी,’ तो म्हणाला.

‘का? अट आहे ना आपली.’

‘अट मी काढली. दोन वर्षांपूर्वी. तुम्हाला फोन केला होता तेव्हा.’

मावशी आठवू लागल्या. आठवताना त्यांचं हसू एकदम गेलं नाही, थोडं थोडं करून गेलं, आणि ते जाताना बघणं सौमित्रला फार जड गेलं. ‘तो होय,’ त्या म्हणाल्या. ‘पण तू तर खुला करतो बोललास.’

‘हो.’

मावशींनी लगेच त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी काचेच्या एका पंखाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, मग मध्ये उभ्या असलेल्या त्याच्याकडे. ‘हे खुलं?’ त्यांनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एक्स्चेंजमध्ये लाइन खरोखर लागली आहे की नाही हे त्या विचारत असतील, तसं त्यांनी विचारलं.

त्याला उत्तर द्यायचं होतं. परवाने, वकील, दोन पगारी माणसं, हे सगळं त्याच्याकडे तयार होतं, आणि त्याने तोंडही उघडलं. पण फाटकाचे पंख त्याच्या दोन्ही बाजूंना थरथरले, वरचा छोटा दिवा लाल झाला, आणि स्पीकरमधून तोच मायेचा, स्वच्छ, एकही अक्षर न चुकणारा आवाज आला. ‘कृपया बाजूला थांबा.’

सौमित्र हलला नाही.

‘तुला बोलतेय ती,’ मावशी म्हणाल्या.

तो बाजूला झाला.